अटाल्याआधी दुरुस्तीचं टेबल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला मोफत सुरक्षा-अपडेट देणं बंद केलं आणि आठवडाभरातच दिवाळी आली. माळे रिकामे करण्याचे दिवस आणि ‘हा संगणक विंडोज ११साठी पात्र नाही’ ही पडद्यावरची सूचना, दोन्ही एकाच पंधरवड्यात. इंदूरमध्ये अशा संगणकाची वाट ठरलेली आहे. तो अटालेवाल्याच्या, म्हणजे भंगारवाल्याच्या, काट्यावर किलोच्या भावाने जातो, नाहीतर कचरागाडीच्या ई-कचऱ्याच्या कप्प्यात पडतो. आपण तो निर्धास्त मनाने देऊन टाकतो, कारण या शहराला कचरा टाकण्याची शिस्त उत्तम लागली आहे. स्वच्छता सर्वेक्षणात २०१७पासून सलग आठ वेळा वरचं स्थान, दारात येणाऱ्या गाडीला सहा कप्पे, देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा पचवून गॅस तयार करणारा प्रकल्प. या शिस्तीचा मला अभिमान वाटतो. पण तिच्यात एक पायरी राहून गेली आहे. वस्तू कप्प्यात पडण्याआधी ती उघडून बघणारं कोणी नाही. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इथल्या मराठी मंडळांनी आणि वाचनालयांनी ही पायरी आपल्याकडे घ्यावी, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. महिन्यातून एक रविवार, एक टेबल आणि या कामाची आवड असलेली चार माणसं, एवढ्यावर ते सुरू होऊ शकतं.

आधी त्या तारखेचा अर्थ. ‘पात्र नाही’ या शेऱ्यावरून संगणकाच्या ताकदीबद्दल फारसं काही कळत नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७च्या उत्तरार्धानंतरचा लागतो. २०१५-१६ साली घेतलेला आय-५चा लॅपटॉप या अटीत बसत नाही. पत्रव्यवहार, सोसायटीचा हिशेब, मुलांचे ऑनलाइन वर्ग, नाटकाचं रेकॉर्डिंग बघणं, यांतलं काहीही त्याला जड नाही. सुरक्षेचा मुद्दा मात्र खरा आहे, तो उडवून लावू नये. अपडेट बंद झालेल्या विंडोजमध्ये नव्या त्रुटी सापडत राहतात आणि त्या बुजवायला कोणी येत नाही. ज्यांना तूर्त विंडोज १०च ठेवायचं आहे त्यांनी सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरून वाढीव सुरक्षा-अपडेटची नोंदणी तरी करावी. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ला संपते. नोंदणी नसलेल्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

बाजारात आणखी एक रस्ता सर्रास दाखवला जातो: तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देणं, काही शे रुपयांत. काम होतं, पण वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती अशा संगणकावर आपोआप येत नाही. २४एच२ या आवृत्तीपासून तर कोअर-२-ड्युओसारखे प्रोसेसर मुळात सुरूच होत नाहीत, कारण त्यांच्यात एक आवश्यक आज्ञासंच नसतो. शिवाय परवाना ‘चालू’ करायला जी चोरटी प्रणाली टाकली जाते ती नेमकं काय काय करते हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सुरक्षेसाठी म्हणून केलेल्या कामात सगळ्यात असुरक्षित गोष्ट हीच असते.

आता टेबलावर लॅपटॉप उघडला तर काय दिसतं ते पाहू. ‘फार हळू चालतो’ ही तक्रार बहुतेक वेळा फिरत्या हार्डडिस्कची असते. अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक विखुरलेल्या नोंदी वाचू शकते, साधी साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपची डिस्क, हजारोंनी वाचते. त्यामुळे २५६ जीबीची एसएसडी बसवणं हा एकटा बदल बाकी सगळ्यांपेक्षा जास्त फरक पाडतो. पण पेचकस उचलण्याआधी डिस्कची तब्येत बघायची. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये किंवा लिनक्स या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीच्या डिस्क्स या साधनात ‘रिअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे, म्हणजे बिघडलेल्या जागांचे, आकडे शून्याच्या वर असतील तर आधी सगळा डेटा दुसरीकडे घ्यायचा, मग बाकीचं. डिस्क टक-टक आवाज करत असेल तर ती पुन्हापुन्हा चालू करून बघण्याचा मोह टाळायचा. प्रत्येक चालू-बंदीत उरलासुरला डेटा हातातून जाऊ शकतो.

खोलताना होणारं नुकसान ठरावीक ठिकाणी होतं. बॅटरीची जोडणी सगळ्यात आधी काढायची, मग बाकी कशालाही हात लावायचा. तळाचे स्क्रू एकाच लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की तो कीबोर्डच्या बाजूने फुगवटा आणतो किंवा थेट बोर्डात घुसतो. म्हणून कोऱ्या कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवायचा. कीबोर्डच्या पट्टीसारख्या केबलला बारीक पाकळीचं कुलूप असतं. ते नखाने उचलल्याशिवाय केबल ओढली तर पाकळी मोडते, आणि पंधराशेच्या दुरुस्तीत नव्या कीबोर्डचा खर्च वाढतो. एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते, जुनी खाच साडेनऊची असेल तर ती आत हलते आणि जोडणी सैल पडते. सोबतची प्लास्टिकची चौकट फेकून देऊ नये ती यासाठी.

पंख्यात साठलेली धूळ हे दुसरं मोठं कारण. मे महिन्यात खोलीच तापलेली असते. त्यात जाळीवर धुळीची गादी बसली की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि माणूस म्हणतो, संगणक म्हातारा झाला. धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. हवेच्या झोताने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं. उष्णतावाहक पेस्ट वाळून पापुद्रा झाली असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावायची. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही, बाजूला ओघळते एवढंच.

एक बारीकसा दोष असा आहे की ज्यापायी चालते संगणक टाकून दिले जातात. बोर्डावरची सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी संपली की तारीख दर वेळी मागे जाते. मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला ‘असुरक्षित’ म्हणतो, कारण संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची तारीख संगणकाच्या हिशेबात अजून उगवलेलीच नसते. घरच्यांना वाटतं व्हायरस शिरला किंवा इंटरनेट बिघडलं. इलाज म्हणजे किराणा दुकानातही मिळणारी तीन व्होल्टची बॅटरी. डेस्कटॉप सुरूच होत नसेल, नुसता बीप-बीप करत असेल, तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हळू घासून पुन्हा बसवायची. जेल रोडवरचा कुठलाही कारागीर सर्वात आधी हेच करतो, आणि बरोबर करतो.

रॅमबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण २०२५मध्ये तिचं गणितच बदललं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि २०२५च्या शेवटच्या महिन्यांत भाव झपाट्याने चढले, एसएसडीही त्यामागोमाग. मायक्रॉन कंपनीने ३ डिसेंबरला जाहीर केलं की सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा आपला व्यवसाय ती बंद करणार. हातदुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाला हे नाव परिचयाचं आहे. ज्या वर्षी रॅम महागली त्याच वर्षी आपण चालू रॅम असलेले संगणक किलोने विकले, हे मला फार लागतं. मेलेल्या लॅपटॉपमधली चार जीबीची पट्टी दुसऱ्याला चाराचा आठ करून देते, आणि लिनक्ससाठी आठ जीबी म्हणजे ऐसपैस जागा. पट्टी काढून स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या अँटिस्टॅटिक पिशवीत घालायची आणि वर प्रकार लिहायचा. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या असल्याने चूक सहसा होत नाही. गोंधळ होतो तो डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात. दिसायला दोन्ही सारख्या, पण दुसरी १.३५ व्होल्टवर चालते. साधारण २०१३नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपना तीच लागते. साधी बसवली तर पडदा काळाच राहतो आणि माणूस बोर्ड गेला असं धरून चालतो.

मग त्यावर टाकायचं काय? लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती या कामाला चांगली. बाविसाव्या मालिकेला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती उतरवायची, डेल किंवा लेनोवो असेल तर एफ१२, एचपी असेल तर एफ९ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करायची, आणि काहीही पुसण्याआधी तशीच चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा तपासायचा. अडतं कुठे? इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही, ही सगळ्यात नेहमीची अडचण. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणारा मूळ सेटिंगचा पडदा) साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, सेटिंग ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असते, ती ‘एएचसीआय’वर आणावी लागते. पण त्याच डिस्कवर विंडोज कुलूपबंद असेल तर हा बदल करताच ती बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागते. म्हणून किल्ली आधी मालकाच्या खात्यातून काढून कागदावर उतरवायची. वायफायची चिप ब्रॉडकॉमची असेल तर सुरुवातीला नेट चालत नाही. मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट द्यायचं, मग ड्रायव्हर व्यवस्थापक उरलेलं काम करतो. विंडोजच्या जुन्या डिस्कवरचं लिनक्सला नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही असं झालं, तर दोष ‘फास्ट स्टार्टअप’चा: विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं. शिफ्ट दाबून शट डाउन केलं की सुटतं.

प्रिंटरबाबत आधीच सांगून ठेवलेलं बरं. आपल्याकडच्या कार्यालयांत दोन लेझर प्रिंटर जागोजागी दिसतात. एचपीचा १०२० चालतो, फक्त एचपीलिप या एचपीच्या लिनक्स-ड्रायव्हरचा प्लगइन टाकावा लागतो. कॅननचा एलबीपी २९०० मात्र त्रास देतो, कारण त्याची भाषा कंपनीची खासगी आहे. तोच प्रिंटर रोज लागत असेल तर लिनक्सचा आग्रह धरू नये. टॅलीवाल्यांना, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनवर रोज रिटर्न भरणाऱ्यांनाही नाही. त्यांनी नवा संगणक घ्यावा आणि जुना टेबलावर द्यावा.

मराठी लिहिण्याची सोय चांगली आहे. कीबोर्डच्या यादीत मराठीचे पर्याय असतात, इनस्क्रिप्टही आणि उच्चारानुसार लिहिण्याचाही. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडायला विसरू नये. काही फाँट ती निवडल्यावरच ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे दाखवतात.

मंडळांना हे काम दुसऱ्या कोणावर सोपवता येणार नाही, याचं कारण त्यांच्या स्वतःच्या कपाटात आहे. अहिल्याबाईंच्या जन्माला २०२५मध्ये तीनशे वर्षं झाली. अशा वर्षी जुन्या स्मरणिका, जुनी भाषणं, सभासदांच्या आठवणी शोधल्या जातात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला हा मजकूर कागदावर असतो, नाहीतर एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर पेजमेकर या पानं मांडण्याच्या प्रणालीच्या फाइलींत. इंदूरच्या डीटीपीवाल्यांकडे कृतिदेव आणि चाणक्य हे हिंदीचे फाँट वापरात, त्यामुळे मराठी स्मरणिकाही बऱ्याचदा त्यांतच बसवलेल्या. काही ठिकाणी श्रीलिपी, तिच्या डाँगलसकट, म्हणजे संगणकाला जोडायच्या परवान्याच्या किल्लीसकट. या फाँटांत संगणक साठवतो रोमी अक्षरं, फाँट फक्त त्यांवर देवनागरी चेहरा चढवतो. फाँट नसेल तर उरतो निव्वळ रोमी गोंधळ. म्हणजे फाइल पेनड्राइव्हवर घेतली तरी मजकूर वाचला असं होत नाही.

तो वाचवायचा क्रम असा. जुना संगणक पुसण्याआधी त्यातली फाँटची अख्खी फोल्डर उचलायची. त्याच संगणकावर, त्याच फाँटसह, प्रत्येक फाइलची पीडीएफ काढायची आणि फाँट आत बसले आहेत याची खात्री दुसऱ्या संगणकावर उघडून करायची. पेजमेकर चालतच नसेल तर लिबरऑफिसचं ड्रॉ त्या फाइली उघडू शकतं. पानाची मांडणी विस्कटते, मजकूर हाती लागतो. त्यानंतर जुन्या फाँटचा मजकूर बदलून देणाऱ्या परिवर्तकातून युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येणारी देवनागरी. इथे डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. जोडाक्षर आलं की परिवर्तक वेलांटी चुकीच्या अक्षराला लावतो. हिंदीसाठी बनवलेले परिवर्तक ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र सरळ रफार करून टाकतात, आणि ‘ॲ’ची तर त्यांना कल्पनाच नसते. हे तपासायला संगणकतज्ज्ञ नको, शुद्धलेखन पक्कं असलेलं माणूस हवं. निवृत्त मराठी शिक्षिका आणि अभियांत्रिकीचा विद्यार्थी एका टेबलाशी बसले तरच ही फाइल नीट होते. शेवटी पीडीएफ, युनिकोड मजकूर आणि मूळ फाइल, तिन्हींच्या तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्याच्या घरी.

या सगळ्यावर एक आक्षेप वजनदार आहे: लिनक्स टाकून दिल्यावर पुढे फोन कोण उचलणार? आजोबांना नवी प्रणाली देऊन निघून जाणं हे त्यांना जुन्या विंडोजवर सोडून देण्याइतकंच वाईट. म्हणून हे काम एकदाच्या शिबिरासारखं करू नये. ठरलेला रविवार दर महिन्याला पाळता येत नसेल तर सुरूच करू नये. या शहरात आता संगणकक्षेत्रात नोकरी करणारे पुष्कळ मराठी तरुण आहेत. फावल्या वेळात स्वतःचं काहीतरी बनवण्याची त्यांना हौस असते, आणि ती चांगली हौस आहे. तिच्यातले महिन्याचे तीन तास इथे आले तर त्यांनाही यंत्राच्या आतलं ते कळेल जे पडद्यावर कधी दिसत नाही. गोविंदराम सेकसरिया अभियांत्रिकी महाविद्यालयातले किंवा आयटीआयचे विद्यार्थी हाताशी धरावेत.

सगळंच दुरुस्त करायचं नसतं, ही रेषाही आखून ठेवावी. ३२-बिटच्या प्रोसेसरसाठी आता लिनक्सचाही आसरा संपत आला. ९ ऑगस्ट २०२५ला आलेल्या डेबियन १३ने त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. पेंटियम-४चा डेस्कटॉप वीज खाऊन काम थोडं करतो, त्यातले उपयोगी भाग काढून बाकी नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याला द्यावं. फुगलेली लॅपटॉप-बॅटरी टेबलावर घेण्याची पद्धत लेखी हवी. टचपॅड वर उचललेला दिसला, झाकण मिटेना, की चार्जर काढायचा. ती दाबायची नाही, टोचायची नाही, टोकांना चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि ई-कचरा म्हणून हातात द्यायची. गाडीत दाबल्या जाणाऱ्या कचऱ्यात ती गेली तर आग लागू शकते. बहुतेक लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या अडॅप्टरवर चालतात, काही मुद्दाम वेग कमी करून.

टेबलावर येणाऱ्या प्रत्येक संगणकासोबत मालकाची लेखी संमती घ्यावी: डेटा कुठे द्यायचा, काय पुसायचं. नुसतं ‘फॉरमॅट’ केल्याने फाइली जात नाहीत. फिरत्या डिस्कवर एकदा पूर्ण शून्य लिहायचं, एसएसडीला तिची स्वतःची सिक्युअर इरेझची आज्ञा द्यायची. मंडळाच्या संगणकावर सभासदांचे पत्ते आणि फोन असतात, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आहेत. दुरुस्त संगणक विद्यार्थ्याला देताना चार्जर सोबत हवा, कीबोर्डची प्रत्येक कळ चालायला हवी, रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टची एक पूर्ण फेरी झालेली हवी. मोडकंतोडकं देऊन दान केल्याचं समाधान घेऊ नये.

महापालिकेकडून दोन गोष्टी हव्यात. मे २०२३च्या मोहिमेत देशभर उघडलेल्या आर-आर-आर (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रांवर कपडे, पुस्तकं, खेळणी, पादत्राणं परत वापरासाठी घेतली जातात. तिथे संगणकासाठी तपासणीचं टेबल असावं, आणि ई-कचऱ्याच्या कप्प्यात आलेले लॅपटॉप आठवड्यातून एकदा त्या टेबलाकडे वळवावेत. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद आहे, तेव्हा वाट बंद नाही.

केंद्र सरकारच्या समितीने मे २०२५मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवाल दिला. वस्तू उघडायला किती सोपी, माहिती मिळते का, सुटे भाग वेळेत येतात का, सॉफ्टवेअर अपडेट, हत्यारं आणि स्क्रूचे प्रकार, अशा कसोट्या त्यात आहेत, पण सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपुरती. फ्रान्सने जानेवारी २०२१पासून लॅपटॉपही धरले होते, आपणही धरावेत. तोवर इंदूरच्या शाळा, महाविद्यालयं आणि कार्यालयं आपापल्या निविदेत तीन अटी घालू शकतात: रॅम आणि डिस्क बोर्डाला डाख दिलेली नसावी, बॅटरी आणि चार्जर सात वर्षं सुटे मिळावेत, आणि अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ते बिलावर छापलेलं असावं. त्यासाठी नवा कायदा यायची वाट बघावी लागत नाही, निविदा काढणाऱ्या कार्यालयाला त्या स्वतःच्या सहीने घालता येतात.